विहिरीतली भिंत

तहसील कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली बसून मी तीस वर्षं दस्त लिहिले. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं लिहिली. पण हात सगळ्यात जास्त चालला तो वाटणीपत्रांवर. माण तालुक्यात जमीन पुष्कळ आणि पाणी थोडं. त्यामुळे जमिनीच्या कलमांना माणसं पटापट माना डोलावतात आणि पाण्याच्या कलमापाशी येऊन अडतात. बांध कुठून घालायचा ते दोरी लावून ठरतं. बैलगाडी, भांडीकुंडी, कणगीतली ज्वारी यांच्या चिठ्ठ्या टाकतात. मग थोडा वेळ कुणी बोलत नाही, आणि मागून कुणीतरी विचारतं, "आन् हिरीचं काय?"

या प्रश्नासाठी माझ्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं. विहीर, विहिरीकडे ये-जा करण्याची वाट व बांधावरील झाडे अविभाज्य असल्याने सामाईक ठेवण्यात आली आहेत. हे वाक्य मला एका म्हाताऱ्या वकिलांनी शिकवलं. "जमीन मोजून लिही, विहीर जपून लिही," असं ते सांगायचे. मी जपून लिहीत आलो. एकदा मात्र जपलो नाही, आणि ही गोष्ट त्या वेळची आहे.

1991 साल. दोन भाऊ आणि एक बहीण. बहीण थोरली, तिला सगळं गाव आक्का म्हणे. तिच्या पाठचे आबा, शेवटचे तात्या. वडील जाऊन वर्ष झालं होतं. बावीस एकर जिराईत आणि एका विहिरीखाली चार-पाच एकर बागाईत. विहीर पणजोबांनी खणलेली, गोल, वरचा भाग काळ्या दगडात बांधून काढलेला. मोटा कधीच गेल्या होत्या, पण मोटेची धाव आणि थारोळं शाबूत होतं. 1972 च्या दुष्काळात वडिलांनी ती दोन परस खाली नेली, तेव्हा पश्चिमेच्या अंगाला झरा लागला. काठावर उंबराच्या बुडाशी सात दगड ओळीनं मांडलेले, शेंदूर फासून गुळगुळीत झालेले. साती आसरा. घरात लग्न असो की बाळाचं बारसं, पहिला नारळ तिथं फुटायचा.

आक्कांनी हक्क सोडला. तेव्हा रीतच तशी होती, बऱ्याच घरांत अजून आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिलेला होता. पुढं 1994 साली महाराष्ट्रानं आणि 2005 साली सगळ्या देशानं तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच भागीदार केलं. पण कायदा कागदावर आणि माहेर बोलण्यावर. माहेर तुटू नये म्हणून कचेरीत येऊन "मला काय बी नको" म्हणणाऱ्या बाया मी रोज पाहिल्या, आणि त्यांच्या अंगठ्याला शाई लावताना मला एकदाही बरं वाटलं नाही. आक्कांनी अंगठा उठवला, पदराला पुसला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

पाणी आठ-आठ आणे ठरलं. आणा चलनातून 1957 सालीच गेला, पण विहिरीत तो अजून आहे. आमच्याकडे पाण्याचा हिस्सा आजही आण्यांतच सांगतात. चार दिवस आबांची पाळी, चार दिवस तात्यांची. सगळं बिनतक्रार पार पडलं. घाई होती, मुद्रांकाचे कागद पुढ्यात होते, साडेतीनच्या आत दस्त आत जायला हवा होता. पहिल्या ओळीत मी नेहमीप्रमाणे 'एकत्र अविभक्त हिंदू कुटुंब' असं लिहिलं होतं, आणि हाताला तोच शब्द चढलेला असावा. विहिरीच्या कलमात मी लिहून गेलो: विहीर अविभक्त ठेवली आहे.

वाचून दाखवताना मला खटकलं नाही. ऐकताना कुणालाही खटकलं नाही. दस्त नोंदला गेला, फेरफार झाला, सातबारे वेगळे निघाले, आणि अठ्ठावीस वर्षं त्या विहिरीनं दोन्ही घरं पोसली.

2019 चा उन्हाळा माणमधल्या माणसाला सांगायला नको. छावण्यांत जनावरं, गावात टँकर. त्या एप्रिलमध्ये तात्यांचा मुलगा झेरॉक्सची घडी घेऊन माझ्याकडे आला. पोरगा पदवी घेतलेला, शेतीत मनापासून उतरलेला. दोन एकर डाळिंब लावलेली, ठिबक केलेलं. त्याची तक्रार खोटी नव्हती. आमच्याकडे तेव्हा शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा आठ तास मिळायची, पुढच्या आठवड्यात रात्री दहा तास. त्याच्या वडिलांचे चार दिवस लागोपाठ रात्रीच्या विजेत आले होते. पोरानं चार रात्री स्टार्टरपाशी बसून काढलेल्या. त्यात एका रात्री डीपीचा फ्यूज गेला आणि पाळी तशीच संपली. पहाटे चार वाजता आबांचा गडी येऊन मोटार लावून मोकळा झाला. शब्दाला शब्द वाढला. चुलते-पुतणे बोलायचे बंद झाले.

"काका," त्यानं कागद उलगडून बोट ठेवलं, "हे अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"अविभक्त म्हणजे अजून वाटलेली नाही, असंच ना? मग आता वाटायला कायद्याची काय हरकत आहे?"

त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. वहीच्या पानावर विहिरीचं गोल, व्यास तीस फूट, मधून उत्तर-दक्षिण एक रेघ. ती रेघ म्हणजे भिंत. तळापासून काठापर्यंत. पश्चिमेचा अर्धा भाग तात्यांचा, पूर्वेचा आबांचा. ज्यानं त्यानं आपल्या अर्ध्यात मोटार सोडावी, वाटेल तेव्हा चालवावी. पाळी नको, कटकट नको.

मी गोलाच्या काठावरच्या सात ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आणि हे?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "त्यांचं बघू नंतर."

सात ही मूळ संख्या आहे. हिंदीत अशा संख्येला अभाज्य म्हणतात. मराठीनं 'मूळ' हा शब्द घेतला, आणि मला तो जास्त आवडतो. जिचे समान भाग पडत नाहीत ती संख्या मराठीच्या लेखी नुसती अडेल नाही, ती मुळातली आहे, तिच्यापासून बाकीच्या संख्या बनतात. सात दगडांचे दोन भाऊ वाटेकरी केले तर तीन-तीन घेऊन एक उरतो, आणि उरलेला तो एक कुणाच्याही बांधावर ठेवला तरी सात आसरांचं ठाणं राहत नाही. पोरगा हुशार होता. म्हणूनच तो गप्प झाला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या एका शब्दावर तो पोरगा भिंत उभी करायला निघाला होता, आणि वाचन त्याचं बरोबर होतं, लिहिणं माझं चुकलं होतं.

अविभक्त आणि अविभाज्य. दोन्ही शब्द 'भज्' या एकाच धातूचे. वाटणं, वाटून घेणं हा त्याचा जुना अर्थ. भाग त्यातून आला, विभाग आला, शाळेतल्या गणितातले भाज्य आणि भाजक आले. वाट्याला आलेलं ते भाग्य. ताटात पडतो तो भातही संस्कृतातल्या 'भक्त' या शब्दावरून आला. भक्त म्हणजे वाटून दिलेलं अन्न. भक्ती आणि भजनही याच घरातली. वाटणीवरून भांडणाऱ्या माणसांना हे सांगावं असं मला अनेकदा वाटलं, पण लिंबाखाली तेवढी सवड कुणाला नसते.

धातू एक, पण शेपूट वेगळं. 'विभक्त' मधला 'त' झालेली गोष्ट सांगतो. कृत, गत, मृत, विभक्त. तेव्हा अविभक्त म्हणजे न वाटलेलं, आजपर्यंत न वाटलेलं. उद्याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. अविभक्त कुटुंब उद्या विभक्त होऊ शकतं, होतंच. 'भाज्य' मधला 'य' मात्र झाल्या गोष्टीत अडकत नाही. तो पुढचं सांगतो, आणि तेही दोन तऱ्हांनी. असह्य म्हणजे सोसता न येणारं. इथं तो शक्ती सांगतो. पूज्य म्हणजे पुजता येतो असा नव्हे, पुजावा असा; इथं तो कर्तव्य सांगतो. दूत अवध्य असतो म्हणतात. हातात तलवार असलेल्याला दूताला मारता येत नाही असं थोडंच आहे? येतं. पण मारायचं नसतं.

'अविभाज्य' या शब्दात हे दोन्ही अर्थ एकावर एक बसलेले आहेत. वाटता येत नाही, आणि वाटू नये. आपण सहसा पहिला अर्थ ऐकतो. शाळेत आम्हाला अणू म्हणजे पदार्थाचा अविभाज्य कण असं शिकवलेलं होतं. 1897 साली अणूच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला, आणि 1938 साली बर्लिनच्या प्रयोगशाळेत युरेनियमचं केंद्रकच दुभंगलं. केवळ 'वाटता येत नाही' एवढ्या बळावर जे टिकलेलं असतं, ते हत्यार मिळेपर्यंतच टिकतं. तीस फुटी विहिरीत भिंत घालायला तर फार मोठं हत्यारही लागत नाही. सिमेंट, वाळू, गज आणि हट्ट एवढं पुरतं.

भाषणांतून हल्ली कुठल्याही गोष्टीला जीवनाचा अविभाज्य घटक म्हणण्याची चाल पडली आहे. मोबाईल अविभाज्य, चहा अविभाज्य. ते ऐकलं की मला या शब्दाची काळजी वाटते. ज्याची सवय लागली ते गरजेचं असेल, आवडीचं असेल; अविभाज्य ते, जे तोडल्यावर तोडलेल्या दोन्ही बाजूंना ते स्वतः उरत नाही. एवढा मोठा अर्थ वाहणारा शब्द असा चिल्लर मोडावी तसा खर्च केला, तर खरी गरज पडेल त्या दिवशी तो हाताशी नसतो.

पहाटे उठून मी त्या वकिलांनी दिलेली जुनी टिपणवही काढली. ते गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ती माझ्याकडे दिली होती. त्यात मिताक्षरेवरची टिपणं होती. मिताक्षरा म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरानं लिहिलेली. हिंदू घराच्या वाटणीचा कायदा बंगाल सोडला तर बहुतेक देशात तिच्यावरच उभा राहिला. त्यात विज्ञानेश्वर मनुस्मृतीतली एक यादी घेतो: वाटणीत काय काय वाटू नये. अंगावरची वस्त्रं, वाहन, दागिने, शिजलेलं अन्न, जाण्यायेण्याची वाट, आणि पाणी. पाणी म्हणजे त्याचा आधार, म्हणजे विहीर वगैरे, असा खुलासाही तो करतो. पुढचं वाचून मी वही मिटून मांडीवर ठेवली. तो म्हणतो, वाटेकऱ्यांच्या हिशेबात विहीर बसत नसेल तर तिचं मोल काढून पैसे वाटू नयेत. पर्यायानं उपभोग घ्यावा.

पर्याय या शब्दाचा आपण आज 'दुसरा उपाय' एवढाच अर्थ धरतो. विज्ञानेश्वराच्या वाक्यात तो पाळी आहे. उडुपीच्या कृष्णमठात आठ मठांच्या स्वामींकडे दोन-दोन वर्षं देवाची पूजा फिरते, त्याला तिथं आजही पर्याय असंच म्हणतात. एक मूर्ती, आठ मठ. मूर्ती कुणी तोडली नाही, काळ वाटून घेतला. आमच्या माणातल्या शेतकऱ्यानं मिताक्षरेचं नाव ऐकलेलं नसेल, पण चार दिवस तुझे, चार दिवस माझे, हे तो त्याच बुद्धीनं करत आला.

इंग्रजी अमदानीतला 1893 चा वाटपाचा कायदा वेगळी वाट धरतो. वस्तू वाटण्यासारखी नसेल आणि विकण्यातच वाटेकऱ्यांचं जास्त हित असेल, तर त्यांच्या मागणीवरून कोर्टानं ती विकायला लावून पैसे वाटून द्यावेत, अशी त्यात सोय आहे. शहरातल्या एखाद्या घरासाठी ते ठीक असेल. पण विहीर विकून आलेल्या पैशावर डाळिंब जगत नाही. या एका बाबतीत मी विज्ञानेश्वराच्या बाजूचा आहे.

हे सगळं घेऊन मी त्या पोराकडे गेलो असतो तर त्यानं मान दिला असता आणि ऐकलं नसतं. तरण्या माणसाला पोथीतलं नको असतं, समोरचं हवं असतं. मी फक्त एवढंच म्हणालो, "भिंत घालायच्या आधी गवंड्याला आत उतरवून दाखव. मीही येतो." आबांना निरोप मीच दिला. ते येतील असं वाटलं नव्हतं, आले. तात्याही आले, आणि दोघं भाऊ काठाच्या दोन टोकांना उभे राहिले.

मे महिना, गाळ काढायला म्हणून विहीर उपसलेली. पायऱ्या संपतात तिथून पुढं शिडी. पोरगा, गवंडी आणि त्यांच्या मागून मी. खाली ऊन पोचत नव्हतं. वर तापलेल्या तव्यासारखा दिवस आणि तळाला पावलं गार पडत होती. भिंतीत विहिरीचा सगळा इतिहास दिसत होता: वर बांधकामाचे काळे दगड, मग पिवळट मुरूम, मग कातळ. 1972 साली सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या कातळात तशाच होत्या. आणि पश्चिमेच्या अंगाला, तळापासून हातभर वर, कातळाला आडवी चीर. वीतभर लांब. तिच्यातून करंगळीएवढी धार पाझरत होती, तिला आवाजही नव्हता. खालच्या खळग्यात पाणी साठत होतं आणि हळूहळू तळभर पसरत होतं. अख्ख्या विहिरीला तेवढाच एक झरा.

पोरानं टेप धरला, खडूनं तळावर रेघ ओढली. उत्तर-दक्षिण, बरोबर मधून. रेघ ओढून तो उभा राहिला आणि झऱ्याकडे बघत राहिला. झरा त्याच्या बाजूला होता.

"चुलत्याकडं पाणी कुठनं जाणार?" गवंड्यानं विचारलं.

"तळाला भोक ठेवा," पोरगा लगेच म्हणाला. मला तो त्या क्षणी फार आवडला. "त्यांचं पाणी तोडायला नाही निघालो मी. वीतभर भोक ठेवा. पाणी जाईल पलीकडं."

गवंडी साठीचा असेल. त्यानं हयातीत कितीतरी विहिरी बांधल्या होत्या. त्यानं खाली बसून झऱ्याखाली तळहात धरला, भरलेला तळहात खळग्यात सोडला आणि पाणी रेघेच्या पलीकडं जाताना पाहिलं.

"भोक न्हाई ठिवलं तर पल्याड पाणी न्हाई," तो म्हणाला. "आन् भोक ठिवलं तर अल्याडपल्याड पाणी एकाच पातळीला हुबं ऱ्हाणार. तुमी हिकडनं उपसलं की तिकडचं उतारणार, त्येंनी तिकडनं उपसलं की तुमचं उतारणार. मंग भीत कशापायी बांधायची?"

विहिरीत बोललेलं काठावर स्पष्ट ऐकू येतं. वर दोघंही भाऊ ऐकत होते. कुणी काही बोललं नाही.

पोरगा ओल्या कातळावर तसाच टेकला. बऱ्याच वेळानं त्यानं पायानं खडूची रेघ पुसायला सुरुवात केली, पण पाणी आधीच रेघेवर पोचलं होतं.

भांडण एवढ्यानं मिटत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच्या चार रात्री खऱ्या होत्या. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. पाळीचं चक्र आठ दिवसांचं, विजेचं चौदा दिवसांचं. आठ आणि चौदाचा लसावि छप्पन्न. म्हणजे दर 56 दिवसांनी दोन्ही चक्रं पुन्हा एकाच जागी येतात. या 56 दिवसांत दोघा भावांचे 28-28 दिवस पाळीचे, आणि वार कुठूनही धरला तरी त्या 28 पैकी 14 दिवशी वीज दिवसाची, 14 दिवशी रात्रीची. कुणावरही अन्याय नव्हता. पण एखाद्या फेऱ्यात चारही रात्री एकाच्याच पदरात पडतात, आणि माणूस त्या चार रात्रींत हिशेब करत नाही. पोरानं तो कागद दोनदा तपासला, वहीत उतरवून घेतला. आबांनी आपणहून सांगितलं की फ्यूज गेला, फेज गेली, तर बुडालेले तास पुढच्या पाळीतून भरून द्यायचे; हेही लिहा.

लिहायचं म्हणजे दस्त करायचा. माझी चूक दुरुस्त करायची तर चूक दुरुस्ती लेख हवा, आणि मूळ दस्तावर ज्यांच्या सह्या त्या सगळ्यांना त्यात यावं लागतं. म्हणजे आक्कांनाही.

आक्का तीन वर्षांत माहेरी आल्या नव्हत्या. कारण कुणी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. आबांकडे उतरल्या तर तात्यांकडे तोंडं फिरत, तात्यांकडे जेवल्या तर आबांकडे चूल थंड राही. आता त्या आल्या त्या थेट कचेरीत, एसटीनं, पिशवी मांडीवर घेऊन. मी मसुदा वाचून दाखवला. मूळ दस्तातील 'अविभक्त' या शब्दाऐवजी 'अविभाज्य' असा शब्द वाचावा.

"म्हंजी काय बदाललं?" त्यांनी विचारलं.

"आधी लिहिलं होतं, विहीर वाटलेली नाही. आता लिहिलंय, विहीर वाटता येत नाही आणि वाटू नये."

आक्कांनी थोडा विचार केला. मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "वाटताच येत न्हाई अशी चीज हाय म्हंता, तर मग मी तिच्यातनं निघाले कशी?"

माझ्या हातातलं पेन थांबलं. तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःला कधी विचारला नव्हता. कायद्याचं उत्तर होतं माझ्याकडे, ते मी दिलं. सोडलेला हक्क दुरुस्तीच्या लेखानं परत येत नाही. हवा असेल तर भावांनी वेगळा दस्त करून द्यावा लागेल, त्याला मुद्रांक वेगळा. बोलताना मला कळत होतं की त्यांनी हे विचारलेलंच नाही.

तात्या खाली बघत होते. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आक्का, तुझ्या नावानं आणे लावायचं तर लाव," ते म्हणाले. "सोळा आणे तिघांत. पाच आणे चार पै परत्येकाला. मी तात्याला इचारत न्हाई, त्यो न्हाई म्हणायचा न्हाई."

"पाणी नको मला," आक्का म्हणाल्या. "माझं रान तिकडं, पाणी हिकडं, न्यायचं कशातनं? पर आखाडात मी आसरांस्नी निवद घिऊन येत हुते. आता येत न्हाई. कुणाच्या पाळीत आलीस म्हणून इचारत्यात. तेवढं कुणी इचारू नये, असं तुमच्या कायद्यात लिवता येतंय का?"

पोरगा दाराशी उभा होता. तो आत आला आणि म्हणाला, "काका, येत असेल तर लिहा. येत नसेल तरी लिहा."

येत होतं. त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. मी नवा परिच्छेद घातला. विहीर, विहिरीची वाट व काठावरील साती आसरांचे ठाणे अविभाज्य असून, लिहून देणार यांच्या भगिनी यांना तेथे वर्षातील कोणत्याही दिवशी, कोणाचीही पाळी असताना, येण्या-जाण्याचा व पूजा-नैवेद्य करण्याचा हक्क कायम राहील. त्यास कोणीही हरकत घेणार नाही. 'कोणाचीही पाळी असताना' हे शब्द दस्ताच्या भाषेत बसत नाहीत. मी ते ठेवले.

1991 साली आक्कांनी अंगठा उठवला होता. या वेळी त्यांनी पेन मागितलं. बचत गटात सही शिकल्या होत्या. एकेक अक्षर जुळवत त्यांनी ती केली आणि मोडलेला काना पुन्हा गिरवून सरळ केला. तेवढा वेळ कुणीही घाई केली नाही.

आषाढात पाऊस थोडाफार झाला होता, विहिरीत परसभर पाणी होतं. आक्कांनी मलाही बोलावलं. उंबराखाली सातही दगडांना नवा शेंदूर, पुढं खण, हिरव्या बांगड्या, केळीच्या पानावर दहीभात. दोन्ही घरच्या जावा पदर खोचून बसल्या होत्या. मोटार चालू होती, पाटातून पाणी वाहत होतं, आणि कुणाची पाळी आहे ते तिथं कुणी बोललं नाही. निवद दाखवून झाल्यावर आक्का पान उचलून उभ्या राहिल्या आणि आधी गवंड्याच्या, मग पोराच्या, मग एकेकाच्या पुढं आलेल्या तळहातावर दहीभात वाटत गेल्या.